बाळंतिणीची फेक

खुंटीवरच्या फेकजाळ्याच्या लोखंडी गोळ्या एकमेकींवर आपटून खण्णदिशी वाजल्या, तेव्हा कुठे त्या खोलीत चार माणसं बसली आहेत हे पटलं. अमरच्या छोट्या रिंकूने जाळ्याचं टोक ओढलं होतं.

"सोड ते, पोट्टे," अमर म्हणाला. आवाज चढवायचा त्याचा बेत होता, पण जमलं नाही.

"खेळू दे न," त्याची आई इंदिराबाई दारातल्या पाटावरून म्हणाल्या. "जाळं काही चावत नाई."

आज हप्त्याचा दिवस होता आणि थोरली सून वच्छलाबाई घरी नव्हती. असं या दोन वर्षांत कधी झालं नव्हतं. दर महिन्याच्या या दिवशी अमर आश्रमशाळेतून रजा काढून पहिल्या बसने पोंभुर्ण्याला यायचा. त्याचे थोरले भाऊ गोविंदाभाऊ पहाटेचा बाजार आटोपून, अंगाला मासळीचा वास तसाच घेऊन यायचे. इंदिराबाई लुगड्याच्या ओच्यातून आपली पुरचुंडी काढायच्या. आणि वच्छलाबाई सगळ्यांना आधी चहा, मग पोहे, आणि शेवटी पितळेची परात आणून मधोमध ठेवायची. मासळीचे वाटे घालतात तसं प्रत्येकाने आपलं आणलेलं त्या परातीत टाकायचं. कोणी किती टाकलं ते कोणी बघायचं नाही. ही वच्छलाबाईचीच शिस्त. कर्जाचा हप्ता भरायच्या दिवशी घरात सणासारखं वाटावं, हे धाकट्या सुनेने, साधनाने, दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलं नव्हतं.

आज चहा साधनाने केला होता. साखर जास्त झाली होती.

परवा संध्याकाळी शेजारची जमीला चप्पलही न घालता धावत आली होती. तिची लेक शाजिया बाळंतपणाला माहेरी आलेली, तिला कळा सुरू झालेल्या. फारूकभाई वेल्डिंगच्या कामासाठी तिकडे सिरोंच्याकडे गेलेले, जावई मुबीन नागपूरला. वच्छलाबाई भात चुलीवर तसाच ठेवून उठली, कोपऱ्यावरची जीप थांबवली, शाजियाचं डोकं मांडीवर घेतलं आणि चंद्रपूरला गेली. जाताना साधनाला एवढंच म्हणाली, "भात पाय व, करपन."

तिला गेल्याला दोन रात्री झाल्या होत्या. काल दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानात निरोप आला होता, सगळं ठीक आहे म्हणून. त्याच्यापुढे काही नाही.

गोविंदाभाऊंनी घड्याळाकडे पाहिलं. "बँक उघडली असन आता."

"वहिनी आल्याशिवाय जायचं का?" अमरने विचारलं.

"परात तिचीच हाये," इंदिराबाई म्हणाल्या आणि विषय संपला.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. वच्छलाबाई आली. दोन दिवसांचं चुरगळलेलं पातळ, केसांचा नुसता बांधलेला बुचडा, हातात जमीलाची प्लास्टिकची थैली. पण ती थेट आत आली नाही. रांजणाशी उभी राहून पायांवर पाणी घेतलं, तोंडावर मारलं, पदराने पुसलं आणि मगच उंबरा ओलांडला. रिंकू तिच्या कमरेला जाऊन चिकटली.

"मोठीआई, बाळ कुठी हाये?"

"दवाखान्यात हाये. पोरगी झाली शाजियाले." तिने रिंकूला उचललं. "एवढी एवढी बोटं. अन् आवाज असा का डॉक्टरबाई दचकली."

घरातली हवा एकदम सैल झाली. इंदिराबाईंनी दोन्ही हात कानांशी नेऊन बोटं मोडली. गोविंदाभाऊ हसले. साधनाला रडूच आलं. रिंकूच्या वेळचं तिला सगळं आठवलं, आणि त्या वेळीही तिचं डोकं याच मांडीवर होतं.

वच्छलाबाई पाटावर टेकली. साधनाने दिलेला गोड चहा तिने एका दमात संपवला. मग कप खाली ठेवून, भाजीचा भाव सांगावा तशी म्हणाली, "कार्ड चालवलं मी."

"कोणतं कार्ड?" अमरने विचारलं.

"माह्यं."

गोविंदाभाऊंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्याच्यामागून माणूस निघून गेला.

ते कार्ड सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे विसरले होते. बरे दिवस होते तेव्हाची गोष्ट. गोविंदाभाऊंनी मासळीच्या धंद्यासाठी गाडी घेतली होती, बर्फाचं यंत्र बसवलं होतं. त्या वेळी चंद्रपूरहून गळ्यात टाय बांधलेला एक पोरगा याच खोलीत येऊन बसला, इंदिराबाईंच्या हातची तळलेली मासळी दोनदा मागून खाल्ली आणि क्रेडिट कार्ड देऊन गेला. "वहिनीसाहेबांच्या नावाचं एक सोबत, फुकट," म्हणाला. हळदीकुंकवाच्या वाणासारखं ते कार्ड वच्छलाबाईला मिळालं. मग एका उन्हाळ्यात तळं आटलं, मासळी पांढरी पडून तरंगली, गाडीवाले गाडी घेऊन गेले, आणि बँकेची नोटीस आली. लोकअदालतीत तडजोड झाली. व्याज बँकेने सोडलं, मुद्दल हप्त्याहप्त्याने फेडायचं. अटी दोनच. हप्ता चुकवायचा नाही, आणि शेवटचा हप्ता भरेपर्यंत कुठूनही, कुणाकडूनही नवी उधारी करायची नाही. यातली एक जरी मोडली तरी सोडलेलं सगळं व्याज परत डोक्यावर, आणि गहाण असलेलं हे घर लिलावात. जामीनदार म्हणून शेजारच्या फारूकभाईंची सही होती, म्हणजे घरापाठोपाठ त्यांचं वेल्डिंगचं दुकान.

त्या दिवशी कोर्टातून आल्यावर गोविंदाभाऊंनी आपलं कार्ड अमरच्या हाती दिलं होतं. अमरने साधनाच्या शिवणाच्या कैचीने त्याचे चार तुकडे केले. सगळे असे उभे होते की जणू मर्तिकाला आलेत. बाईच्या नावाचंही एक कार्ड आहे, हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. राशनकार्डावर नाव असतं तसं काहीतरी, एवढीच त्याची किंमत.

"वहिनी," अमर सावकाश बोलला. वर्गात न समजणाऱ्या मुलाशी बोलावं तसा. "आपण जजसमोर सह्या केल्या. नवी उधारी नाई म्हणून."

"मालूम हाये मले. मी तिथीच होती न."

"मंग काऊन चालवलं?"

"बाळ आडवं आलं होतं, अमर." तिने रिंकूचे केस मागे सारले. "जीप पुढे जाईन अशी पोरीची हालतच नव्हती. जो दवाखाना आधी लागला तिथी उतरलो. डॉक्टरबाई म्हणे आत्ताच्या आत्ता कापावं लागते, आधी पैसे जमा करा. जमीलानं कानातलं काढून टेबलावर ठेवलं. ती खिडकीतली पोरगी म्हणे, आम्ही सोनं नाई घेत. तिच्या बाजूले ते यंत्र होतं. मी पाहूनच राह्यली होती त्याच्याकडे."

"कार्ड सोबत कसं होतं?" गोविंदाभाऊंनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"सोबतच असते. दोन वर्षांपासून. पोलक्यातल्या पाकिटात."

"काऊन?"

वच्छलाबाईने नवऱ्याकडे असं पाहिलं, की एवढं साधं यालाही कसं कळत नाही. "तळं बंद असते तवा बाळंतिणीची फेक राखून ठेवतो का नाई आपण?"

साधनाला एकदम सगळं समजलं.

या मासेमार ढिवरांच्या गावातल्या तळ्याची ती रीत. पावसाळ्याच्या तोंडाला मासळी पोटुशी असते, तेव्हा तळं बंद करतात. मग घरात चूल पेटो न पेटो, कोणी पाण्यात गळसुद्धा टाकत नाही. पण त्या दिवसांत गावात कोणी बाळंत झाली, तर तिच्यासाठी जाळं एकदा फेकता येतं. एकदाच. येईल ते तिचं. ज्याने फेकायचं त्याने तळ्याच्या पारीवर, म्हणजे बांधावर, उभं राहून आधी मोठ्याने सांगायचं, मी अमका, अमकीसाठी फेकतो. आणि पाऊस सरला की त्या बाळंतिणीच्या घरच्यांनी तळ्यात मासळीचं बीज आणून सोडायचं. साधना सावली गावाकडची, तिच्या माहेरी तळं नव्हतं. सासरी येऊन ही रीत तिने पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिला वाटलं होतं, हे कोणी ठरवलं असेल त्याला आपण पाहायला हवं होतं.

"बँक म्हणजे तळं नाई, वहिनी!" अमर उठून उभा राहिला.

"अस्सं? मले वाटलं तिथीबी माणसंच असतीन."

"हसण्यावारी नेऊ नका."

"मी हसून नाई राह्यली, भाऊजी." तिचा आवाज खाली आला. 'भाऊजी' ती क्वचित म्हणायची. "मी त्या खिडकीवाल्या पोरीलेबी सांगतलं. मोठ्यानं. मी वच्छला, गोविंदा मारबत्याची बायको, फारूकच्या लेकीसाठी फेकतो म्हणून. ती म्हणे, मॅडम, फेकू नका, मशीन महाग आहे, इथे सही करा."

इंदिराबाईंना हसू फुटलं. त्यांनी पदर तोंडाशी धरला, पण खांदे हलायचे ते हललेच. त्यांचं पाहून साधनाही हसली. अमरने बायकोकडे रागाने पाहिलं.

"हसा. घर जाईन तवाबी हसजा." तो येरझाऱ्या घालू लागला. "आता ऐका सगळे. कार्डवाली बँक वेगळी, आपली बँक वेगळी. त्यायले एकमेकांचं मालूम पडत नाई. आज जायचं, हप्ता भरायचा, घरी यायचं. मी शाळेच्या सोसायटीतून थोडी उचल करतो, कार्डाचं बिल यायच्या आधी भरून टाकतो. कोणी काही बोलायचं नाई. झालं."

"उचल म्हणजे उधारीच न?" साधना म्हणाली.

ती नवऱ्याच्या विरोधात सगळ्यांसमोर पहिल्यांदाच बोलली होती. तिचं तिलाच नवल वाटलं. अमर तर पाहतच राहिला.

"तू चूप बस."

"काऊन चूप बसन ती?" वच्छलाबाई म्हणाली. "बरोबर बोलून राह्यली. एक फेक झाकायले तू दुसरी फेकतं. अन् ती कोणत्या बाळंतिणीची?"

"अन् मॅनेजर पुसन तं?" गोविंदाभाऊ हळूच म्हणाले. ते आपल्या तळहाताकडे बघत होते. "दर महिन्याले पुसते तो. शिक्का मारता मारता पुसते, बाकी काही नवीन? अन् मी म्हणतो, नाई साहेब. महिन्यात तेवढीच एक वेळ असते जवा माह्यी मान वर असते."

अमर येरझाऱ्या घालायचा थांबला. आपल्या मोठ्या भावाची मान कशी खाली गेली होती ते त्याने पाहिलं होतं. भर बाजारात लोक गोविंदाभाऊंच्या टोपलीवरून पुढे निघून जायचे. दर महिन्याच्या त्या 'नाई साहेब'ने ती मान थोडी थोडी करत वर आली होती.

"तुम्हाले खोटं बोलाच लागणार नाई," वच्छलाबाई नवऱ्याला म्हणाली. "फेकलं मी. सांगनबी मीच."

"वहिनी, सांगतलं तं घर जाईन!"

"न सांगतलं तं?"

"तं काहीच नाई होणार!"

"तेच तं," ती म्हणाली.

फाटक पुन्हा वाजलं, या वेळी कडी न काढता ढकललं गेलं. फारूकभाई. सिरोंच्याहून रात्रभर मिळेल त्या गाडीने आलेले, दाढीत धूळ, डोळे लाल. ते आत आले आणि वच्छलाबाईसमोर उभे राहून ओरडले.

"भाभी, ये क्या किया तुमने? जमीलानं फोनवर सांगतलं मले. माझ्या पोरीसाठी तुमचं घर लावलं? कोणी सांगतलं होतं तुमाले?"

"बसा न, फारूकभाई. चहा ठेवू?"

"चहा गेला चुलीत! मी जामीन हाओ. मले पुसायचं नाई?"

"तुम्ही जामीन झाले तवा आमाले पुसलं होतं?" वच्छलाबाई म्हणाली. "यायनं नाई म्हटलं, तरी तुम्ही कोर्टात येऊन सही ठोकली. उलटे आमच्यावरच ओरडले. मंग आता काऊन बोंबलून राह्यले?"

फारूकभाईंचं तोंड उघडं राहिलं. मग तो धिप्पाड माणूस इंदिराबाईंच्या पाटाजवळ जमिनीवर बसला आणि दोन्ही तळव्यांनी डोळे दाबून लहान पोरासारखा हुंदका देऊन रडला. रिंकू जवळ जाऊन त्यांच्या दाढीतली धूळ निरखून पाहू लागली.

"पोरीले पाह्यलं का?" इंदिराबाईंनी विचारलं.

"नाई अजून. आधी इथीच आलो, माय."

"पागल हायेस." त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग सगळ्यांकडे पाहिलं. त्यांचं बोलणं नेहमीच थोडकं असायचं, आणि घराच्या मोठ्या गोष्टी त्या थोडक्यातच ठरायच्या. "गोविंदा झाला तवा तळं बंद होतं. मुखरूमामानं माह्यासाठी जाळं फेकलं. तीन दिवसांची उपाशी होती मी, त्या रश्शानं दूध उतरलं. पारीवरून सारं गाव आयकत होतं. लच्छूनंबी फेकलं होतं एकदा, अंधारात, कोणाले न सांगता. त्याचीबी बायको बाळंतीणच होती, काही खोटं नव्हतं त्याच्यात. पण गावानं त्याले चोरच म्हटलं. मासळी तीच, बाळंतीणबी खरी. फरक कायचा होता?" त्या उठल्या. "चला. परात आण, वच्छला."

"माय," अमर म्हणाला. त्याचा आवाज आता मास्तरचा राहिला नव्हता. "घर गेलं तं तू कुठी जाशीन?"

"तुह्या शाळेत येऊन बसन पहिलीत."

परात मधोमध आली. सगळ्यांनी आपापलं टाकलं. अमरने सगळ्यात शेवटी, आणि टाकताना त्याने वच्छलाबाईकडे पाहिलं नाही. पण ती परात उचलू लागली तेव्हा दुसऱ्या बाजूने त्यानेच हात लावला. साधनाने ते पाहिलं, आणि नवरा तिला पुन्हा आवडला.

बँक बाजाररस्त्यावर होती, तेंदूपानाच्या गोदामाला लागून. मॅनेजर साहेब बाहेरगावचे, वयाने पन्नाशीकडे झुकलेले, कोणाशी सलगी न करणारे. त्यांच्या केबिनमध्ये दोन खुर्च्या. एकीवर इंदिराबाईंना बसवलं, दुसरीवर कोणी बसलंच नाही. सगळं घर भिंतीला लागून उभं राहिलं, फारूकभाई दारात.

"आज वरातच आणली," साहेब म्हणाले. पावती लिहिली, शिक्का शाईच्या गादीवर दाबला आणि खाली बघतच नेहमीचं विचारलं, "बाकी काही नवीन?"

गोविंदाभाऊंनी तोंड उघडलं. वच्छलाबाई एक पाऊल पुढे आली.

साधनाला तिची फक्त पाठ दिसत होती. चुरगळलेलं पातळ बदलायलाही ती थांबली नव्हती. पण ती उभी अशी होती, की साधनाला वाटलं, पारीवर वारा सुटलेला आहे आणि समोर सगळं पाणीच पाणी आहे. पाय किंचित फाकलेले, हात सैल, मान सरळ. आपल्याला असं कधी उभं राहता येईल का? माहेरी तिला शिकवलं होतं, चारचौघांत बाईमाणसाने भिंतीशी उभं राहावं. ही बाई भिंतीपासून सुटली होती आणि तिला पडायची भीती नव्हती.

"मी वच्छला, गोविंदा मारबत्याची बायको," ती म्हणाली. आवाज असा की बाहेर रोखपालाने मान वळवली. "आमची तडजोड चालू हाये अन् नवी उधारी करायची नाई, हे मले मालूम होतं. परवा चंद्रपूरले दवाखान्यात मी दुसऱ्या बँकेचं कार्ड चालवलं. फारूकच्या लेकीसाठी. बाळ आडवं आलं होतं. यायले मालूम नव्हतं. सासूले नव्हतं, दिराले नव्हतं. मी एकटीनं केलं."

साहेबांनी चष्मा काढला. रुमालाने त्याच्या काचा पुसल्या.

"बाई, हे तुम्ही मला सांगितलं नसतं, तर मला कधीच कळलं नसतं."

"मालूम हाये, साहेब."

"मग का सांगितलं?"

"तुम्ही दर महिन्याले पुसता न," वच्छलाबाई म्हणाली.

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, आणि साधनाला वाटलं, हा माणूस इतकी वर्षं सवयीने विचारत आला, आणि कोणीतरी ते खरंच ऐकतंय हे त्याला आज कळलं.

"अट मोडली आहे," ते शेवटी म्हणाले. "मी ऐकलंच नाही असं मला करता येणार नाही. वर कळवावंच लागेल. व्याजाची सूट राहील की जाईल, हे ठरवणं माझ्या हातात नाही. जाऊही शकते. तुम्ही तयार राहा."

अमरने गोविंदाभाऊंचा दंड धरला.

"माझ्या हातात एवढंच आहे," साहेब पुढे म्हणाले, "की कळलं कसं, ते मी लिहीन. जसं घडलं तसंच लिहीन. आणि कार्डाचे पैसे? ते कोण फेडणार?"

"मी," दारातून फारूकभाई पुढे आले. वाटेत इंदिराबाईंनी त्यांना बाकीची रीत सांगितली असावी, कारण ते म्हणाले, "बीज आमचं, साहेब. सिरोंच्याच्या कामाचे पैसे आणले मी. आजच चंद्रपूरले जातो, आधी ते भरतो, मंग नातीचं तोंड पाहतो."

"कसलं बीज?" साहेबांनी विचारलं.

"ते लंबी गोष्ट हाये," इंदिराबाई म्हणाल्या. "पुढच्या हप्त्याले सांगन."

साहेब हसले नाहीत, पण त्यांनी कागद पुढे ओढताना पेन दोनदा हातात फिरवलं. "पैसे भरले की खातं बंद करायचा अर्जही द्या तिथे. आणि ते कार्ड यापुढे तुमच्याजवळ राहता कामा नये."

वच्छलाबाई पाठमोरी झाली. पोलक्यातलं पाकीट काढलं आणि त्यातून कार्ड. दोन वर्षं अंगाशी राहून त्याच्यावरची सोनेरी अक्षरं घामाने पुसट झाली होती. फारूकभाईंनी त्याच्यावरचा नंबर आपल्या हातावर उतरवून घेतला.

"कैची हाये का, साहेब?"

साहेबांनी टेबलाच्या खणातून कैची काढून दिली. बोथट होती. कार्ड वाकत होतं, कापलं जात नव्हतं. साधना भिंतीपासून सुटली. पुढे गेली आणि कार्डाचं दुसरं टोक घट्ट धरलं.

"दाबा, बाई," ती म्हणाली. "धरलं मी."

कट्‌दिशी आवाज झाला. साधनाच्या चिमटीत अर्धं नाव राहिलं.

बाहेर ऊन चढलं होतं. धानाच्या पोत्यांनी भरलेल्या बैलगाड्या राइसमिलकडे चालल्या होत्या. फारूकभाई चंद्रपूरची बस पकडायला धावले. धावता धावता मागे वळून त्यांनी वच्छलाबाईला हात केला. अमर आणि गोविंदाभाऊ आईला मध्ये घेऊन पुढे चालत होते. गोविंदाभाऊंची मान कशी आहे, हे साधनाने मुद्दाम पाहिलं. सरळ होती. घर राहणार की जाणार ते कळायला अजून महिना लागणार होता, कदाचित जास्त. पण आज ती मान सरळ होती.

वच्छलाबाई बँकेच्या पायरीवर क्षणभर बसली. मग डोळे मिटून तिने डोकं खांबाला टेकवलं. दोन रात्रींचं जागरण आत्ता तिच्या तोंडावर उतरलं होतं. साधनाने तिच्या मागे बसून तिचा सुटलेला बुचडा सोडला आणि बोटांनीच विंचरून नीट बांधायला घेतला. केसांना दवाखान्याचा वास होता. जी बाई सगळ्यांची डोकी मांडीवर घेते, तिचं डोकं आज साधनाच्या हातात होतं.

रिंकू समोर उभी होती. आता तिच्या कपाळावर ती आठी होती, जी एखादा हिशोब जमेनासा झाला की अमरच्या कपाळावर यायची.

"आई," ती म्हणाली, "आता कोणाचं बाळ आडवं आलं, तं मोठीआई काय फेकन?"